गाडीतले धुणे

प्रवासाला निघताना बरोबर काय न्यावे, याविषयी प्रत्येक घराचे एक शास्त्र असते. कुणाच्या घरी फिरकीचा तांब्या घेतल्याशिवाय पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही. कुणाला स्वतःची उशी लागते. आमच्या शाळेत पूर्वी एक गुरुजी होते, ते दोन दिवसांच्या सहलीलाही तीन कुलपे घेऊन येत. त्यांतले तिसरे कशाला, हे आम्हाला अखेरपर्यंत कळले नाही. आमच्या घरच्या शास्त्रात गेल्या दोन-एक वर्षांत एका वस्तूची भर पडली आहे. आम्ही प्रवासाला कपडे धुण्याचे यंत्र घेऊन जातो.

हे ऐकले की लोक हसतात. मी ऐकले असते तर मीही हसलो असतो. आमचे शेजारी तर म्हणाले, "मास्तर, पुढल्या खेपेला पाटा-वरवंटाही घ्या!" पाटा-वरवंटा आम्ही घेत नाही. पण यंत्राची गोष्ट वेगळी आहे; आणि ती सांगायची म्हणजे आधी गाडीची, मग आईची, आणि मग माझ्या एका मूर्खपणाची हकीकत सांगायला हवी.

गाडी आमची नव्हे. ती भावोजींची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांची. ते खोपोलीला असतात. जन्मभर कारखान्यातल्या यंत्रांची देखभाल करून ते निवृत्त झाले, आणि निवृत्त माणसाने देवाचे नाव घ्यावे या वयात त्यांनी कॅराव्हॅनचे नाव घेतले. राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. ती बातमी वाचल्यापासून त्यांना दुसरे काही सुचेना. शेवटी पुण्याकडच्या एका गृहस्थाची वापरलेली गाडी त्यांनी उचलली. आत दोन बाके. रात्री त्यांचेच पलंग होतात. एक शेगडी, एक मोरी म्हणावी इतकी जागा, शंभर लिटरची पाण्याची टाकी आणि बाकाखाली एक मोठी बॅटरी. ताई तिला 'डबा' म्हणते. भावोजी 'फिरते घर' म्हणतात.

कॅराव्हॅन हा शब्द मूळचा फारसीतला 'कारवान', म्हणजे उंटांचा, व्यापाऱ्यांचा तांडा. युरोपात जाऊन तो चाकांवरच्या एका खोलीचे नाव झाला. १८८५ साली इंग्लंडात गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका डॉक्टर-लेखकाने निव्वळ हौसेखातर असे घर बांधून घेतले. दोन घोडे ते ओढीत. बरोबर गाडीवान होता, खासगी नोकर होता. नोकर बरोबर असला म्हणजे प्रवासात धुण्याचा प्रश्न पडत नाही, आणि पडला तरी तो लेखकाला पडत नाही.

आता आई.

आईचे माहेर पालीकडचे, सुधागड तालुक्यातले. लग्न होऊन ती आमच्या कर्जत तालुक्यात पेज नदीकाठच्या गावात आली. पेज ही नदी उन्हाळ्यात आटत नाही. इतर नद्या मार्च लागला की आपल्याला दगड मोजायला लावतात. पेज मात्र भर वैशाखात वाहत असते. घाटावर आंद्रा नदीवर ठोकरवाडीला टाटांनी धरण बांधले आणि ते पाणी बोगद्यातून, नळांतून खाली भिवपुरीच्या वीजघरात आणले. ते वीजघर १९२२ साली सुरू झाले. खोपोलीचे त्याच्याही आधीचे, १९१५ चे. त्याचे पाणी पाताळगंगेला मिळते. चाके फिरवून झाली की भिवपुरीचे पाणी पेजेत उतरते. म्हणजे वीज मुंबईला गेली आणि पाणी आमच्या वाट्याला आले. या वाटणीबद्दल आमच्या गावातल्या बायकांची काही तक्रार नव्हती. धुण्याला वीज लागत नाही, पाणी लागते.

"मुंबईत दिवे लागले की आपल्या नदीला पाणी चढायचं," असे आई अजून सांगते. मुंबईला विजेची ओढ वाढली की इथे पाणी अधिक सुटे. कुठल्या वेळी कुठला दगड बुडतो, कुठला उघडा पडतो, याचा हिशेब नदीवर जाणाऱ्या बायकांच्या डोक्यात पक्का असे. मुंबईला कधी न गेलेली आमची आई मुंबईच्या संध्याकाळवर नजर ठेवून लुगडी धूत होती.

आणि ती धूतही अशी असे की पाहत राहावे. आधी पांढरे, मग रंगीत, सर्वांत शेवटी बाबांचे शेतातले कपडे. धोपाटण्याचा आवाज तालात. नीळ घालायची ती चिमटीने, आणि त्या चिमटीचे माप तिने कुणालाही शिकवले नाही. पण नऊवारी लुगडे एकटीला पिळता येत नाही. एकीने एक टोक धरायचे, दुसरीने दुसरे. लुगडे ताणून दोघींनी उलट्या बाजूंना पीळ घालायचा, आणि पीळ बसत गेला की एकमेकींकडे पावले टाकीत यायचे. पाली सोडून कर्जतला आल्यावर आईची ही दुसरी बाजू रिकामी झाली होती. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, दिवाळीला आमच्याकडे येई, तेव्हा दोघी नदीवर जात आणि पिळता पिळता त्यांचे जे बोलणे चाले त्याला अंत नसे. लहानपणी मी दगडावर बसून ते ऐकत असे. पीळ घट्ट बसेपर्यंत एखाद्या सासूची गोष्ट पुरी व्हायची.

माघी चतुर्थीला आईने आठ दिवस मावशीकडे जायचे, दिवाळीला मावशीने आमच्याकडे यायचे, हा नेम वर्षानुवर्षे चालला. मावशी पालीपलीकडच्या एका खेड्यात राहते. आमच्यापासून गाडीने दोन-अडीच तासांची वाट. २०२० च्या टाळेबंदीत हा नेम प्रथम मोडला. ते समजण्यासारखे होते. पण टाळेबंदी उठली, शाळा उघडल्या, जत्रा भरू लागल्या, तरी आई जाईना आणि मावशीही येईना. फोन होई तो असा:

"तू ये की."

"आधी तूच ये."

"बघू."

"बघू."

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक, म्हणजे आताच्या बोलीत दहावी. त्यावर चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि शाळेत चिकटलो. रात्री कादंबऱ्या लिहितो. चार छापल्या गेल्या आहेत, आणि मनुष्यस्वभावाची जाण असलेला लेखक, असे एकदा एका परीक्षणात माझ्याविषयी आले होते. ते कात्रण मी जपून ठेवले आहे. अशा लेखकाच्या घरात दोन म्हाताऱ्या बहिणी तीन वर्षे एकमेकींचे तोंड पाहत नाहीत, म्हणजे काय झाले असेल? माझी जाण जागी झाली. भांडण! माहेरच्या जमिनीचा वाटा, नाहीतर आजीच्या पाटल्या. एकदा आई फोनवर मावशीला "तुझं तुझ्याकडे राहू दे" म्हणाल्याचे मी ऐकले होते. तेवढ्या धाग्यावर मी पाटल्यांची अख्खी कादंबरी विणायला घेतली. तीन प्रकरणे झाली. तिसऱ्याच्या शेवटी थोरली बहीण धाकटीच्या दारातून न जेवता परत जाते. मला स्वतःला लिहिताना गहिवरून आले.

ती प्रकरणे मी पत्नीला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली,

"अहो, तुम्ही मागच्या दांडीकडे कधी बघत नाही का?"

"दांडीकडे?"

"दोन-अडीच वर्षं झाली. आपण उठायच्या आत आईंचं एक लुगडं रोज तिथं वाळत असतं. कधी अंथरुणाची चादरसुद्धा. थंडीतही. पावसात तर मोरीत दोरी बांधतात त्या."

मी मुलांना सांगत असतो, आधी बघा, मग काढा. वस्तू जशी दिसते तशी काढा, तुमच्या मनात आहे तशी नको. दांडीवर रोज पहाटे एक ओले लुगडे वाळत होते आणि मी पाटल्या काढीत बसलो होतो.

उतारवयात पुष्कळ बायकांना जी अडचण होते ती आईला होती. लघवीवर ताबा राहत नव्हता, विशेषतः रात्री. ती कुणाला बोलली नाही. सुनेला कळले तेही धुण्यावरून. पहाटे चारला उठायचे, अंधारात धुवायचे, वाळत घालायचे, आणि घर जागे होईपर्यंत चूल पेटवून बसायचे. आपल्या घरात हे निभते. पण बहिणीच्या घरी आठ दिवस? तिथे बहिणीच्या सुना आहेत, नातवंडे आहेत. परक्या दांडीवर आपले रोजचे धुणे! त्यापेक्षा गेलेले बरे नाही.

(हे मी लिहू का, म्हणून आईला विचारले. ती म्हणाली, "लिही. पण माझं नाव घालू नकोस, आणि मावशीचं तर मुळीच नको." म्हणून दोघींची नावे नाहीत.)

पत्नी तिला कर्जतच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मला बरोबर येऊ दिले नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, ओटीपोटाचे स्नायू आवळून धरण्याचा व्यायाम शिकवला आणि म्हणाल्या, "आजी, माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी बायकांना हे असतं, फक्त सांगत कुणी नाही." त्याने उतार पडला. पण उतार म्हणजे भरवसा नव्हे. औषधाच्या दुकानात मिळणारी साधनेही आणून पाहिली. दोन रात्री वापरून तिसऱ्या दिवशी आईने ती परत केली. अंगाला पुरळ उठले होते आणि मनाला त्याहून अधिक.

भावोजींची गाडी तेव्हा नुकतीच आली होती. पत्नीच म्हणाली, "आई दुसऱ्याच्या घरी राहणार नाहीत. पण आपलं घरच तिकडे नेलं तर?"

प्रश्न धुण्याचा उरला. इथे माझ्या वाचनाचा उपयोग होईल असे मला वाटले. जॉन स्टाइनबेक हा अमेरिकन कादंबरीकार १९६० साली आपल्या चार्ली नावाच्या कुत्र्याला बरोबर घेऊन अमेरिका पाहायला निघाला. मालगाडीसारख्या मोटारीवर त्याने खोली बसवून घेतली होती आणि डॉन किहोटेच्या घोड्यावरून तिचे नाव 'रोसिनान्ते' ठेवले होते. त्या प्रवासाचे पुस्तक १९६२ साली निघाले. मी ते शब्दकोश शेजारी घेऊन वाचले आहे. त्यात धुण्याची त्याची युक्ती आहे. झाकणाची एक बादली घ्यायची, तिच्यात पाणी, साबण आणि मळके कपडे घालायचे आणि ती आत ताणाच्या दोरीने टांगून ठेवायची. गाडी दिवसभर चालते, बादली हिंदकळते, कपडे आपोआप धुतले जातात. मुक्कामाला ओढ्यावर खळबळून काढले की झाले. नोबेल पारितोषिक त्याला त्याच साली मिळाले, ते अर्थात कादंबऱ्यांसाठी.

भावोजींना ही युक्ती फार आवडली. आम्ही दोघांनीच एक चाचणी घेतली. झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा घेतला, त्यात भावोजींचे दोन सदरे आणि माझा पायजमा घातला आणि खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागलो. रस्त्याचे काम तेव्हा अर्धवट होते. स्टाइनबेकला अमेरिकेच्या गुळगुळीत रस्त्यांवर जे साधायला दिवस लागत असेल ते आम्हाला पाऊण तासात साधले. सदऱ्यांची कॉलरसुद्धा निघाली. भावोजी म्हणाले, "आपल्या खड्ड्यांचा हा उपयोग कुणाच्या लक्षातच आला नाही."

पण लुगड्याला हे चालणार नव्हते. नऊ वार कापड त्या डब्यात गाठोडे होऊन बसे. साबण पोटातच राही. आणि पिळायचे कुणी? शिवाय आईला जे धुणे हवे होते ते गाडी उभी असताना, पहाटे, कुणाला न कळता. तेव्हा यंत्र घ्यायचे ठरले. डब्याला भावोजींनी आपल्या सदऱ्यांसाठी ठेवून घेतले.

आता यंत्राविषयी, कारण पुष्कळ जण विचारतात. ते मोठ्या पिंपाएवढे असते, उचलायला एक माणूस पुरतो. तीनेक किलो कपडे मावतात, म्हणजे एक लुगडे, एक चादर आणि किरकोळ. त्याच पिंपात जाळीची टोपली बसवली की ते कपडे गरगर फिरवून पाणी काढते. विजेची मला धास्ती होती, पण ते दोन-तीन पंख्यांइतकीच वीज खाते. बॅटरीवर सहज चालते. खरी अडचण पाण्याची. धुवायला एकदा भरायचे, खळबळायला दोनदा. प्रत्येक वेळी वीस लिटर. म्हणजे एका धुण्याला साठ लिटर, आणि टाकी शंभराची. त्यातच स्वयंपाक, त्यातच पिणे. वीज बाकाखाली भरून नेता येते, पाण्याला पुन्हा नदीच गाठावी लागते. पेजेकाठचा जुना हिशेब फिरून दारात आला.

आईने यंत्र प्रथम पाहिले तेव्हा ती त्याच्याभोवती एक फेरी घालून आली. झाकण उघडून आत डोकावली. मग म्हणाली, "धोपटत नाही?"

"नाही. नुसतं घुसळतं."

"ताक करतं म्हणजे."

पंधरा दिवस तिने घरी ते चालवून पाहिले. नीळ त्यात घालू दिली नाही. ती चिमटीनेच, वेगळ्या बादलीत. पंधराव्या दिवशी म्हणाली, "एक रात्र आधी दुसरीकडे काढून बघू. जमलं तर तिच्याकडे." एवढेच. पण कपाटातली तिची ठेवणीतली हिरवी लुगडी त्या दुपारी बाहेर आली.

२०२४ च्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, एका शनिवारी आम्ही निघालो. पळसदरीवरून खोपोली, तिथे ताई आणि भावोजी चढले, आणि पहिला मुक्काम महडला. महडचा वरदविनायक आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यातला, अष्टविनायकांतला. तिथला नंदादीप १८९२ सालापासून अखंड तेवत आहे असे सांगतात. आईने दर्शन घेतले, आणि बाहेर येऊन पहिला प्रश्न विचारला तो नळ कुठे आहे हा.

रात्री जे व्हायचे ते झाले. पहाटे साडेतीनला मला जाग आली ती गाडी हलत होती म्हणून. धुणे नीट पार पडले होते, पण पाणी काढण्याची टोपली फिरू लागली आणि यंत्र चालू लागले. चालू लागले म्हणजे खरोखरच पावले टाकू लागले. गाडी थोडी उतारावर उभी होती, ती चूक भावोजींची. यंत्र बाकावर आदळे, परत येई, पुन्हा आदळे. ताई आणि पत्नी त्याला दोन्ही बाजूंनी कवटाळून बसल्या होत्या, आणि आई त्यांना हळू आवाजात सांगत होती, "अगं, दाबून धरा, सगळं गाव उठेल." तेवढ्यात दारावर काठी वाजली. राखणदार बॅटरी घेऊन उभा.

"आत कोण भांडतंय?"

भावोजींनी त्याला यंत्र दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "चाकाखाली दगड द्या, सपाट होईल." आणि स्वतःच दोन दगड आणून सरकवले. यंत्र शहाण्यासारखे एका जागी फिरू लागले. या सगळ्यात कशाचे धुणे, एवढ्या रात्री का, हे त्याने विचारले नाही. उजाडेपर्यंत गाडीमागे आंब्याला बांधलेल्या दोरीवर लुगडे अर्धे वाळले होते. आई खुर्ची टाकून त्याच्याशेजारी बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना "दर्शनाची रांग तिकडून" असे सांगत होती.

दुसऱ्या दिवशी उंबरखिंडीपाशी थांबलो. चावणीजवळ, आंबा नदीच्या कडेला, विजयस्मारक आहे. २ फेब्रुवारी १६६१ ला घाट उतरून येणाऱ्या कारतलबखानाच्या फौजेला शिवाजीमहाराजांनी या अरुंद खिंडीत पुढून-मागून कोंडले. दाट जंगल, हलायला जागा नाही, प्यायला पाणी नाही. अखेर खान सगळे सामान टाकून शरण आला तेव्हा त्याला वाट मिळाली. मी हे सर्व आईला मास्तरी थाटात सांगितले. आईने शांतपणे ऐकून घेतले.

"एवढी फौज घेऊन निघाला," ती म्हणाली, "आणि पाण्याची सोय बघितली नाही?"

तिथे खालच्या बाजूला एक बाई कपडे धूत होती. भावोजी यंत्रातले साबणाचे पाणी ओतायला निघाले तसे तिने लांबूनच हटकले. "नदीत नको. खाली आमची वाडी पाणी भरते. त्या झाडाकडं ओता." भावोजी ओशाळले. तेव्हापासून साबणाच्या पाण्याची वेगळी बादली आहे आणि ते काठापासून दूर, मातीत जिरवायचे, हा आमच्या शास्त्रातला दुसरा नियम.

पालीला बल्लाळेश्वर झाला. चिमाजीअप्पांनी वसईहून आणलेल्या पोर्तुगीज घंटेखाली ताईने फोटो काढले. उन्हेऱ्याच्या गरम कुंडावर पाय शेकले. आणि ऊन कलताना मावशीच्या अंगणात गाडी लागली.

भेट काही माझ्या कादंबरीसारखी झाली नाही, पण फारशी चांगलीही झाली नाही. मावशी वाळली होती. दोघी एकमेकींना भेटल्या, डोळे पुसले, आणि मग पाहुण्यासारख्या बसून राहिल्या. चहा झाला, जेवण झाले. मावशीच्या सुनेने माजघरात दोन अंथरुणे शेजारी शेजारी घातली. आई म्हणाली, "मी गाडीतच झोपते हो. सवय झाल्ये."

मावशीचा चेहरा उतरला. "एका रात्रीत सवय झाली? घरात जागा नाही का माझ्या?"

आई काही बोलली नाही. मावशी म्हणाली, "बरं, तुझी मर्जी, अक्का." पण मला वाटले, आणि ते मी तेव्हा मनाचा खेळ समजलो, की तिच्या उतरलेल्या चेहऱ्यावर थोडी सुटकाही होती.

पहाटे चारला आईने मला हलवले. "अरे ऊठ. टाकीत पाणी नाही." महडला धुणे झाले, वाटेत स्वयंपाक झाला, रात्री भांडी झाली, टाकी कोरडी. आत लुगडे भिजवायचे होते. मी दोन बादल्या घेतल्या, आईने बॅटरी घेतली, आणि आम्ही परसातल्या विहिरीकडे निघालो. थंडी मी म्हणत होती. विहिरीपाशी पोचलो तर रहाटाशेजारच्या दगडावर कुणीतरी वाकून बसले होते. आईने बॅटरी टाकली.

मावशी होती. पुढ्यात बादली, बादलीत लुगडे.

"कोण? अक्का?" मावशी गडबडीने उठली. "तू कशाला उठलीस एवढ्या पहाटे?"

"तू काय करतेस?"

"धुणं. सवय आहे मला पहाटेची."

"एका लुगड्याचं?"

मावशी गप्प. आईने बॅटरीचा झोत खाली, जमिनीवर घेतला. थोड्या वेळाने मावशीने विचारले, "आणि तुला पाणी कशाला हवं आत्ता?"

आईही गप्प. रहाटाला लागलेले दव टपटपत होते तेवढाच आवाज. मी दोन बादल्या हातात धरून खांबासारखा उभा होतो.

"कधीपासून गं?" मावशीने हळूच विचारले.

"टाळेबंदीच्या आधीपासून."

"माझंही तेव्हापासूनच." मग एकदम: "मेले, मला सांगायचं नाहीस?"

"तू सांगितलंस?"

"मला वाटलं, तू रागावलीस. माझ्याकडे यायला नको झालं तुला."

"मला तेच वाटलं. तू दिवाळीला येईनास तेव्हा."

"कशी येऊ? तुझ्याकडे तो एवढा मोठा पोरगा, सून..."

तो एवढा मोठा पोरगा म्हणजे मी. माझी तीन प्रकरणे त्या क्षणी विहिरीत पडली आणि ती काढायला मी गळ टाकला नाही. आईला मी तिथे असल्याचे आठवले. "तू काय ऐकतोस? पाणी काढ आणि ठेव जा." मी पाणी काढून ठेवले आणि गेलो, पण गाडीपर्यंतच गेलो. मागून आधी कुजबूज ऐकू आली, मग मावशीचे हसू, आणि मग दोघींचे, तोंडावर पदर धरून हसतात तसे.

त्या दिवशी यंत्रात दोन लुगडी पडली, एकामागून एक. टाकी भरायला मला एकट्याला विहिरीच्या सात-आठ खेपा झाल्या. मावशीने यंत्राला कान लावून पाहिला. ते घुसळते, धोपटत नाही, हे आईने तिला जुन्या माणसासारखे समजावले. उजाडताना मावशीची सून बाहेर आली, तिने गाडीच्या दारात बसलेल्या दोघींना पाहिले, मला पाहिले, काही विचारले नाही आणि चहा टाकायला आत गेली. तिलाही दांडी दिसत असणारच. मावशीला डॉक्टरीणबाईंकडे आणायचे आईने तिथल्या तिथे ठरवून टाकले.

यंत्र थांबले. टोपलीतून आईने स्वतःचे लुगडे काढले, चिमटीत धरून दाबले आणि तोंड वाकडे केले.

"नीट पिळत नाही हे."

"कोरडं तर आहे की, आई," भावोजींनी यंत्राची बाजू घेतली.

"तुम्हाला काय कळतंय, जावईबापू. धर गं."

मावशीने दुसरे टोक धरले आणि मागे मागे सरत अंगणाच्या पार त्या टोकाला, तुळशीपाशी गेली. नऊ वार लुगडे मध्ये ताणले गेले. दोघींनी उलट्या बाजूंना पीळ घालायला सुरुवात केली. हात थरथरत होते, पण पीळ सरळ बसत होता. एकीने पाऊल टाकले, दुसरीने टाकले. मावशी कुणाच्या तरी सासूचे काहीतरी सांगू लागली. मधोमध आल्या तेव्हा लुगड्यातून खाली मातीवर पाण्याचे तीन-चार थेंब पडले.

"बघ," आई भावोजींकडे न बघताच म्हणाली. "होतं की नाही?"